उंची ६ फूट ८ इंच, एनबीए नाही, तरी बास्केटबॉलवर पोट भरेल का? थोडं सविस्तर उत्तर

प्रश्न लांबलचक होता, म्हणून नंतर येऊन वाचणाऱ्यांसाठी आधी थोडक्यात सांगतो. पोरगा नांदेड जिल्ह्यातला, वय २०, उंची ६ फूट ८ इंच, बीएस्सी दुसरं वर्ष, विद्यापीठाच्या टीमकडून सेंटर (रिंगखालचा उंच खेळाडू) खेळायलाय. एनबीए (अमेरिकेची सगळ्यात मोठी लीग) होणार नाही हे त्यानं स्वतःच लिहिलंय. त्याला विचारायचंय ते दुसऱ्या प्रकारच्या खेळाडूंबद्दल, जे स्टार नसतात, दर एक-दोन वर्षांनी टीम बदलतात, देश बदलतात, बेंचवरून येतात, पण दहा-पंधरा वर्षं याच खेळावर घर चालवतात. तसं आपल्याला जमेल का? वडील म्हणायलेत पोलीस भरती कर. आणि मधेच एक माणूस भेटलाय, तो परदेशात ट्रायल लावून देतो म्हणतो आणि त्याचे आधी पैसे मागतो.

मी पोस्टवरच (रिंगजवळच्या जागेवर) खेळलोय, आधी विद्यापीठ, मग डिपार्टमेंटची (सरकारी खात्याची) टीम, आणि आता बरीच वर्षं संभाजीनगरात पोरांना शिकवतो, त्यातली उंच पोरं जास्त करून माझ्याकडंच पाठवतात. बहुतेक जण विचारतात "सर, माझी हाइट पुरेल का". तू पोट भरेल का विचारलंस, ते बरं केलंस, कारण त्यावर काहीतरी ठोस बोलता येतं.

तर आधी हे बघ की अशा खेळाडूला टीम पैसे देते कशाचे. फिबाच्या (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल संघटनेच्या) नियमानं मॅच ४० मिनिटांची आणि पाचवा फाउल झाला की खेळाडू बाहेर. सगळ्यात जास्त फाउल कुणाला लागतात, तर रिंगखाली उभ्या असलेल्या माणसाला, कारण समोरच्याचा प्रत्येक ड्राइव्ह (बॉल घेऊन रिंगकडं घुसणं) शेवटी त्याच्याच अंगावर येतो. मेन सेंटरला पहिल्या क्वार्टरमधे दोन फाउल लागले की कोच त्याला बसवतो आणि हाफटाइमपर्यंतची दहा-बारा मिनिटं कुणीतरी सांभाळायची असतात. गार्ड बसला तर बेंचवर अजून दोन-तीन गार्ड असतात. बिग (रिंगखालचा उंच माणूस) बसला तर मागं एकच असतो, कधी तोही नसतो. ती दहा-बारा मिनिटं म्हणजे तुझा सगळा धंदा आहे. तेवढ्या वेळात टीमची लीड आहे तशी राहिली किंवा दोन-तीन पॉइंटनीच कमी झाली तर तू तुझं काम केलंस, तू स्वतः किती मारलेस हे त्या दिवशी कोच बघत नाही. ही गोष्ट एकदा डोक्यात बसली की बाकीचे सगळे निर्णय सोपे व्हायला लागतात, कुठली स्किल करायची, कुठल्या टीमकडं जायचं, कुणाला नाही म्हणायचं, सगळं त्या दहा मिनिटांवरून ठरतं.

तू ज्यांच्याबद्दल विचारलंस त्यातले काही खरे लोक बघ. चकी ब्राउन, उंची तुझ्याच आसपास, १९८९ च्या ड्राफ्टमधे (एनबीएच्या टीम नवे खेळाडू निवडतात ते) दुसऱ्या फेरीत क्लीव्हलंडनं घेतला, पुढं एनबीएच्या १२ टीमकडून खेळला. १९९५ ला ह्यूस्टन चॅम्पियन झाली त्या टीममधे तो होता, आणि त्याच सीझनला आधी तो सीबीए नावाच्या खालच्या लीगमधे खेळत होता, तिथून दहा दिवसांच्या कॉन्ट्रॅक्टवर ह्यूस्टनला आला. टोनी मॅसनबर्ग, तोही १२ टीम, मधे युरोपात खेळून आला, करिअरची सरासरी मॅचला सहा पॉइंटच्या आसपास, म्हणजे आकडा बघून कुणी थांबून बघणार नाही. १९९० ला त्याला सॅन अँटोनियोनं घेतलं होतं आणि २००५ ला, इतक्या सगळ्या टीम फिरून झाल्यावर, त्याच सॅन अँटोनियोकडून तो चॅम्पियन झाला. आणि जो स्मिथ (Joe Smith) बघ, १९९५ च्या ड्राफ्टमधे पहिल्या नंबरला घेतलेला माणूस, सगळ्या देशातून पहिला, तोही शेवटी १२ टीम फिरला. त्यामुळं टीम बदलत राहणं म्हणजे माणूस फेल गेला असं आपल्याकडं जे समजतात ते डोक्यातून काढून टाक. बारा टीमनी सोडलं असं म्हणायचं की बारा टीमनी बोलावलं असं म्हणायचं, मी दुसरं म्हणतो, कारण सोडलेल्या माणसाला परत कुणीतरी पगार देऊन बोलावतंय याचा अर्थ त्याचं काम लोकांना माहीत आहे.

तिथं ही सिस्टिमच उभी आहे. एनबीएमधे ५ जानेवारीपासून दहा दिवसांचं कॉन्ट्रॅक्ट देता येतं, एका सीझनला एकाच टीमकडून एका खेळाडूला दोनदा, त्यानंतर एकतर सीझनभर ठेवा नाहीतर सोडा. एनबीएच्या खाली तिचीच 'जी लीग' नावाची लीग आहे (२००१ ला सुरू झाली, मधे तिला डी-लीग म्हणायचे), तिथं २०१७-१८ पासून टू-वे कॉन्ट्रॅक्ट आलं म्हणजे खेळाडू खाली-वर दोन्हीकडं खेळतो. जी लीगचा साधा पगार सीझनला ४० हजार डॉलरच्या आसपास, अमेरिकेत राहून त्यात फार काही उरत नाही, म्हणून तिथली किती तरी पोरं युरोप, चीन, जपान, तैवान, फिलिपिन्सला जातात. म्हणजे लक्षात घे, तू परदेशातल्या ज्या जागेचं स्वप्न बघायलास त्या जागेसाठी अमेरिकेच्या कॉलेजात चार वर्षं खेळलेला ६ फूट १० इंचाचा माणूस पण रांगेत आहे.

आता अवघड भाग. बाहेरच्या बहुतेक लीगमधे परदेशी खेळाडूंची संख्या ठरलेली असते, कुठं दोन, कुठं तीन, कुठं जास्त. क्लब त्या जागेवर कुणाला घेणार? जो येऊन मॅचला वीस पॉइंट मारेल त्याला. स्क्रीन लावणारा (डिफेंडरची वाट अडवणारा), रिबाउंड घेणारा, सहा पॉइंटवाला बिग त्यांना त्यांच्या देशातलाच चालतो, त्यासाठी परदेशी जागा कोण खर्च करेल. म्हणजे ज्या कामावर असा फिरता बिग जगतो तेच काम परदेशी म्हणून तुला विकता येत नाही, ही यातली खरी अडचण आहे आणि ती कुठल्याच एजंटच्या तोंडून तुला ऐकायला मिळणार नाही. फिलिपिन्सच्या पीबीएमधे तर परदेशी खेळाडूच्या उंचीवर मर्यादा असलेल्या स्पर्धा पण आहेत. जपानच्या बी.लीगमधे आशियाई खेळाडूंसाठी वेगळी जागा काढलीय, फिलिपिन्सच्या पोरांनी तिचा चांगला उपयोग करून घेतला, पण ती ठराविक देशांच्या यादीपुरती असते, तेव्हा ज्या वर्षी जायचं त्या वर्षी यादीत आपला देश आहे का ते आधी बघायचं आणि मग पुढं बोलायचं.

आपल्याकडचे जे बिग बाहेर खेळून आले ते बघ म्हणजे रस्ता किती अरुंद आहे आणि कुठून जातो दोन्ही कळेल. सतनाम सिंग, ७ फूट २ इंच, पंजाबातल्या बल्लो के गावचा, २०१५ ला डॅलसनं ५२ व्या नंबरला घेतला, भारतात जन्मलेला पहिला ड्राफ्ट झालेला खेळाडू. एनबीएची मॅच त्याला खेळायला मिळाली नाही, खाली टेक्सास लेजंड्सकडून खेळला, नंतर कॅनडात, आणि पुढं प्रोफेशनल रेसलिंगमधे गेला. सिम भुल्लर, ७ फूट ५ इंच, जन्म कॅनडातला, २०१५ ला सॅक्रामेंटोकडून दहा दिवसांच्या कॉन्ट्रॅक्टवर एनबीए खेळला आणि नंतर तैवानमधे जाऊन बरीच वर्षं खेळला, हा तर तू म्हणतोस तसाच फिरता बिग मॅन. अमृतपाल सिंग आधी कबड्डी खेळायचा, बास्केटबॉल उशिरा धरला, तो जपानला टोकियो एक्सलन्सकडून आणि नंतर ऑस्ट्रेलियात सिडनी किंग्जकडून खेळला. अमज्योत सिंग, ६ फूट ८ इंच, म्हणजे तुझीच उंची, तोही जपान आणि नंतर जी लीगची ओक्लाहोमा सिटी ब्लू. अमज्योत काय, अमृतपाल काय, सतनाम काय, हे सगळे लुधियानाच्या अकादमीतून आलेले. बाहेर जायच्या आधी अमृतपाल आणि अमज्योत भारताच्या टीमकडून वर्षानुवर्षं खेळलेत, लोकांनी त्यांना मोठ्या स्पर्धांत बघितलं. आणि अमज्योतबद्दल अजून एक, तो ६ फूट ८ चा असून बाहेरून शूट करतो, बॉल घेऊन पळतो, त्याला सेंटर म्हणून कुणी बाहेर घेतलेलं नाही. हे तू नीट लक्षात घे, कारण आपल्या विद्यापीठात जो सेंटर असतो तो बाहेर गेल्यावर फॉरवर्ड असतो.

पी.जे. टकर बघितलास का? ६ फूट ५ इंच फक्त. २००६ ला टोरंटोनं घेतला, वर्षाच्या आत सोडला, मग इस्रायल, युक्रेन, ग्रीस, इटली, जर्मनी असा फिरला, २०१२ ला फिनिक्सकडून एनबीएत परत आला आणि २०२१ ला मिल्वॉकीकडून चॅम्पियन. ह्यूस्टनमधे असताना तर त्या उंचीवर त्यानं सेंटरला मॅच काढल्यात. कशावर? कॉर्नरमधून तीन पॉइंटचा शॉट आणि कुणालाही गार्ड करायची ताकद. दुसऱ्या टोकाला बोबान मार्जानोविच, ७ फूट ४ इंच, सर्बिया, रशिया, लिथुआनिया असं फिरून २०१५ ला सॅन अँटोनियोला आला, पुढं डेट्रॉइट, क्लिपर्स, फिलाडेल्फिया, डॅलस, ह्यूस्टन. जेवढी मिनिटं मिळाली त्यात त्यानं भरपूर पॉइंट काढले, हात तसे मऊ आहेत त्याचे, पण समोरच्या गार्डनं पिक अँड रोलमधे (स्क्रीन लावून रिंगकडं वळायची चाल) त्याला बाहेर ओढलं की पाय पुरत नाहीत, म्हणून मिनिटं थोडीच. उंचीनं दार उघडतं, आत किती वेळ बसायला मिळतं ते पायावर ठरतं. तुझा प्रश्न आला तेव्हा मला पहिल्यांदा तुझे पाय बघावेसे वाटले, उंची नाही.

उंचीचंच निघालंय तर, ती ६ फूट ८ अनवाणी मोजलेली आहे का? एनबीएनं पण २०१९ पासून बिनबुटाची उंची लिहायला लावली, तेव्हा भल्याभल्यांची एक-दीड इंच कमी झाली. भिंतीला टेकून, अनवाणी, सकाळी मोज. आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे हात वर करून किती पोचतो ते आणि दोन्ही हात पसरून किती होतात ते मोज. कोच लोक ते बघतात.

आता मी पोरांकडून काय करून घेतो ते सांगतो, यात जरा वेळ लावतो कारण हेच तुझ्या हातात आहे.

पहिलं स्क्रीन. आपल्याकडं पोरं स्क्रीनला जातात आणि अंदाजानं कुठंतरी उभी राहतात. स्क्रीन म्हणजे तुझ्या गार्डचा डिफेंडर तुझ्या अंगावर यायला पाहिजे, नुसता तुझ्या बाजूनं जायला नको. पळत जायचं, शेवटची दोन पावलं आखूड, पाय रोवायचे, पाठीचा कोन असा ठेवायचा की गार्डला जिथं जायचंय तिकडं तुझी पाठ. गार्डचा खांदा तुझ्या कमरेला घासून गेला पाहिजे. पाय हलत असताना धक्का लागला की फाउल तुझा. आणि स्क्रीन लागला की लगेच वळून रिंगकडं, हात वर, बॉल येवो न येवो. दहापैकी आठ वेळा येत नाही. तरी त्याच जोरात पळायचं, कारण तू पळालास म्हणून कॉर्नरमधला डिफेंडर आत येतो आणि तिथला शूटर मोकळा होतो. त्या बास्केटवर तुझं नाव लागणार नाही, पण कोचला ते माहीत असतं आणि गार्डला तर नक्कीच माहीत असतं. चांगला गार्ड पुढच्या टीमला गेला की "तो अमका बिग आणा" म्हणून सांगतो, पुष्कळ पोरांना दुसरी टीम अशीच मिळते.

दुसरं, बोलणं. डिफेन्समधे मागं उभा असतो तो बिग, सगळं कोर्ट त्यालाच दिसतं. ड्रॉप, हेज, स्विच (मागं थांबायचं, पुढं येऊन अडवायचं की माणूस बदलायचा), काय करायचंय ते त्यानं ओरडून सांगायचं असतं, वेळेत. आपल्या मराठवाड्यातली पोरं इथंच मागं पडतात, सीनियर समोर असला की तोंडच उघडत नाहीत, आदर म्हणून गप्प बसतात. कोर्टावर सीनियरला "लेफ्ट, लेफ्ट" म्हणून ओरडणं यात काही अनादर नाही. मी प्रॅक्टिसला जो बिग बोलत नाही त्याला बाहेर काढतो, बाकी चुकीला काढत नाही. दर वर्षी नव्या टीममधे जायचं असेल तर हे अजूनच लागतं, तीन-चार दिवसांत त्यांचे प्ले आणि त्यांचे शब्द पाठ करून उभं राहावं लागतं.

तिसरं, फिबाचे नियम जीव लावून शिक. आपली पोरं सगळं एनबीएचे व्हिडिओ बघून शिकतात आणि खेळतात फिबाच्या नियमानं. फिबामधे बॉल रिंगला लागला की तो रिंगवर नाचत असतानाच तू हात घालून उडवू शकतोस किंवा आत ढकलू शकतोस, एनबीएत ते चालत नाही. उंच माणसाला हे मॅचला दोन-चार पॉइंटचं काम आहे आणि आपल्याकडं ते कुणी करतच नाही, हात आखडता घेतात. तसंच एनबीएत डिफेन्सलाही तीन सेकंदाचा नियम आहे, फिबात नाही, म्हणजे तू पेंटमधे (रिंगखालच्या चौकोनात) उभा राहू शकतोस, झोन (जागा वाटून घेतलेला डिफेन्स) लावता येतो. आणि समोरचा अंगावर आला की हात सरळ वर, पुढं नाही, जागच्या जागी सरळ उडी. हात जरासा पुढं झुकला की फाउल, आणि बेंचवरून आलेल्या बिगला दोन मिनिटांत दोन फाउल लागले की त्याचा तो दिवस संपला.

फ्री थ्रो. एका क्वार्टरमधे टीमचे चार फाउल झाले की पुढच्या फाउलला समोरच्याला दोन फ्री थ्रो, म्हणजे क्वार्टरच्या शेवटी आणि मॅचच्या शेवटी मुद्दाम ज्याला फ्री थ्रो येत नाही त्याला धरतात. सत्तर टक्क्यांच्या खाली असशील तर कोच तुला शेवटच्या पाच मिनिटांत ठेवणार नाही, मग डिफेन्स कितीही चांगला असो. आणि कॉर्नरचा तीनचा शॉट चालू कर, आजपासून. फिबाची लाइन ६.७५ मीटर, कॉर्नरमधे थोडी जवळ पडते. वर्षभरात होणार नाही, दोन-तीन वर्षांत होतो.

शरीराचं. आपल्याकडची बहुतेक कोर्ट सिमेंटची, उघडी. शंभर किलोचा माणूस रोज सिमेंटवर दीडशे उड्या मारतो आणि पंचविशीत गुडघ्याच्या वाटीखाली दुखायला लागतं, हे मी इतक्या पोरांचं बघितलंय की आता उंच पोरांच्या उड्या मोजूनच देतो. उडीचं काम आठवड्यातून दोन-तीनदा, मातीवर किंवा गवतावर, बाकी दिवस पायाची ताकद, घोट्याचं काम, शूटिंग. एप्रिल-मे मधे आपल्याकडं पारा चाळिशीच्या वर असतो, तेव्हा दुपारी कोर्टावर जाणं म्हणजे मर्दुमकी नाही, पहाटे नाहीतर सूर्य मावळल्यावर. वजन तुझं तू लिहिलं नाहीस पण विद्यापीठातली बहुतेक उंच पोरं ऐंशी-पंच्याऐंशी किलोची असतात, पोस्टवर त्यांना कुणीही हलवतं. भाकरी, डाळ, अंडी, दूध, शेंगदाणे, चिकन चालत असेल तर चिकन, आणि हे सगळं दिवसातून पाच वेळा. पावडरच्या डब्यांबद्दल एकच सांगतो, जिममधला कुणीही देईल ते घेऊ नकोस. नॅशनल लेव्हलला नाडा (डोपिंग तपासणारी संस्था) टेस्ट करते आणि डब्यात काय मिसळलंय ते तुला माहीत नव्हतं हे कुणी ऐकून घेत नाही. बुटाचा नंबर १४-१५ असेल तर इथं दुकानात मिळणार नाही, ऑनलाइन मागव पण छोट्या बुटात पाय कोंबून खेळू नकोस, अंगठ्याची नखं जातात आणि चाल बदलते.

आता वडिलांचं म्हणणं. मला ते तुझ्या प्रश्नाच्या विरुद्ध वाटतच नाही. भारतात हा जो फिरता बिग मॅन आहे त्याचं घर आजपर्यंत डिपार्टमेंटनं चालवलंय. रेल्वे, सर्व्हिसेस, ओएनजीसी, इंडियन ओव्हरसीज बँक, इन्कम टॅक्स, कस्टम्स, पोलीस, या टीम आहेत, यांच्यातच सीनियर लेव्हलचे बहुतेक खेळाडू असतात. प्रायव्हेट लीग येतात, जातात. यूबीए २०१५ ला सुरू झाली, काही सीझन होऊन थांबली, आयएनबीएलचा ५-५ चा पहिला सीझन २०२२-२३ ला झाला. अशा लीग झाल्याच पाहिजेत, तिथं खेळायलाच पाहिजे, दिसतो माणूस, पण त्यावर वर्षभराचं किराणा भरायचं म्हणशील तर आज मी तुला तसं सांगणार नाही.

आणि इथं वयाची गोष्ट आहे जी तू लिहिलेलीच नाहीस. रेल्वेच्या ओपन स्पोर्ट्स कोट्याला १८ ते २५ अशी मर्यादा असते. तू २० चा. पाच वर्षं आहेत पण त्यात जाहिराती किती निघतील, त्यात बास्केटबॉलला जागा किती, त्यात सेंटरची जागा किती, असं धरलं तर संधी मोजक्याच येतात. परदेशात खेळायला २७-२८ ला पण जाता येतं, बोबान एनबीएत गेला तेव्हा पंचविशी ओलांडलेली होती. रेल्वेचं दार तोपर्यंत बंद झालेलं असतं. म्हणून क्रम मी असा सांगेन, आधी डिपार्टमेंट, मग बाहेरचं. नोकरी लागल्यावर बाहेर खेळायला एनओसी आणि रजा मिळते का, तर ते डिपार्टमेंटवर आणि साहेबांवर आहे, कुठं मिळते कुठं अडते, त्याची खात्री मी देत नाही.

महाराष्ट्र शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, पोलीस भरतीतही ते लागतं. पण नुसतं सर्टिफिकेट असून भागत नाही, ते विभागीय क्रीडा उपसंचालक कार्यालयाकडून पडताळून घ्यावं लागतं, आणि कुठल्या लेव्हलची स्पर्धा, त्यात स्थान कितवं यावर कुठल्या गटाच्या पदाला चालेल ते ठरतं. जीआर स्वतः वाच, मित्रानं सांगितलेलं धरू नकोस. अश्वमेध (राज्यातल्या विद्यापीठांची स्पर्धा), वेस्ट झोन, ऑल इंडिया, जे जे खेळलास त्याची सर्टिफिकेट एका फाइलमधे ठेव, टीम लिस्टच्या प्रती पण. भरतीच्या वेळी कागदासाठी धावपळ करणारी पोरं मी दर वर्षी बघतो आणि वाईट वाटतं, खेळलेलं असतं पण दाखवता येत नाही. पोलीस भरतीला १६०० मीटर पळणं, १०० मीटर आणि गोळाफेक असते, तुझ्या उंचीच्या पोराला १६०० ची वेगळी तयारी करावी लागते, ती बास्केटबॉलच्या आड येत नाही.

तो पैसे मागणारा माणूस. याला माझं उत्तर "नाही" असंच आहे, पैसे अजिबात देऊ नकोस. खरा एजंट तुझ्या पगारातून कमिशन घेतो, तुझ्या बापाच्या खिशातून आधी घेत नाही. फिबाचं लायसन्स असलेल्या एजंटांची यादी फिबाच्या साइटवर बघायला मिळते, त्यात नाव शोध. माझ्या ओळखीतला एक पोरगा असाच पैसे भरून गेला, तिथं गेल्यावर ट्रायल म्हणजे भाड्यानं घेतलेलं एक जिम आणि त्याच्यासारखी पैसे भरून आलेली पोरं, कुठल्याच क्लबचा माणूस नाही. घरच्यांनी शेत गहाण टाकलं होतं. तुझ्याकडं तसं होऊ नये एवढंच मला वाटतं.

उद्या खरंच बाहेरचं कॉन्ट्रॅक्ट आलं तर काय बघायचं तेही सांगून ठेवतो. पगार कर कापून हातात किती, दर महिन्याला कुठल्या तारखेला, राहायची जागा, येण्या-जाण्याचं तिकीट, दुखापत झाली तर उपचार कुणाचे आणि पगार चालू राहतो का. पगार ठराविक दिवसांपेक्षा जास्त थकला तर तुला कॉन्ट्रॅक्ट सोडून जाता येईल असं लिहिलेलं पाहिजे. आणि बास्केटबॉल आर्बिट्रल ट्रिब्युनलचं कलम पाहिजे. खेळाडू आणि क्लबचे वाद सोडवणारी ही संस्था फिबानं काढलीय, जिनिव्हात आहे, क्लबनं पैसे बुडवले की खेळाडू तिथं जातो, फी भरावी लागते पण निकाल लागतो, आणि क्लबनं निकाल पाळला नाही तर फिबा त्या क्लबला नवे खेळाडू घ्यायला बंदी घालू शकते. कलमच नसेल तर त्या देशाच्या कोर्टात जाऊन तू काय करणार. दुसऱ्या देशात खेळायला आपल्या फेडरेशनचं क्लिअरन्स लेटर लागतं, ते वेळेत माग.

बाकी किती तरी गोष्टी तुझ्या परिस्थितीवर आहेत. घरी तुझ्या कमाईची आत्ताच गरज असेल तर स्टायपेंडवर दोन वर्षं वाट बघणं तुला जमणार नाही, मग पोलीस भरतीच पहिली. घर दोन-तीन वर्षं थांबू शकत असेल तर डिग्री पूर्ण करत रेल्वेच्या आणि बाकी डिपार्टमेंटच्या ट्रायल दे, आणि शिबिर, स्पर्धा मोठ्या टीमसोबत कर, मुंबई-पुण्याकडं मोठ्या ओपन स्पर्धा होतात तिथं कुणी गेस्ट म्हणून बोलावलं तर येण्या-जाण्याचे पैसे मिळाले तरी जा. नांदेड-लातूरकडं तुझ्या अंगाला अंग लावायला ६ फूट ८ चा दुसरा माणूस मिळत नाही, आणि त्याशिवाय तू वाढणार नाहीस, ही इथं राहण्यातली सगळ्यात मोठी अडचण आहे. इथं तू उडी न मारता रिबाउंड घेतोस, तिथं नाही मिळणार. डिग्री मात्र सोडू नकोस, डिपार्टमेंटमधे पुढं प्रमोशनला ती लागते.

वडिलांना हे उत्तर वाचून दाखव, त्यांना काही विचारायचं असेल तर इथंच विचारू दे, मी लिहीन. आणि तू व्हिडिओ टाक म्हणजे अजून नेमकं सांगता येईल. डंकचे तुकडे जोडलेला नको, एक पूर्ण मॅच टाक, शक्यतो तुम्ही हरलेली, विद्यापीठाबाहेरच्या तगड्या टीमसोबतची. तुझ्याकडं बॉल नसताना तू काय करतोस ते मला बघायचंय.